जेसल पार्कपर्यंतची खेप : पिकअपला डिझेल किती लागते व का लागते

भाईंदर स्थानकाच्या पूर्वेस, वसईच्या खाडीच्या काठी जेसल पार्क ही दाट वस्ती आहे. सायंकाळी येथील चौपाटीवर फिरावयास येणाऱ्या कुटुंबांच्या घरी जो भाजीपाला शिजतो, त्यांतील एकही पेंढी या वस्तीत पिकत नाही. टोमॅटो व कोबी नाशिक आणि जुन्नरकडून येतात, चिकू डहाणूकडून येतो, केळी व पालेभाज्या खाडीपलीकडील वसईतून येतात. हा माल पूर्वी बहुतेक करून बाजार समितीच्या मार्गानेच शहरात शिरत असे. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली, आणि त्याच वर्षी शेतकरी आठवडे बाजारांची योजनाही सुरू झाली. तेव्हापासून स्वतःच्या अथवा भाड्याच्या पिकअपमध्ये माल भरून थेट ग्राहकाच्या दारी जाण्याचा विचार पुष्कळ शेतकरी करू लागले आहेत.

विचार चांगला आहे. परंतु आडत व हमाली वाचली म्हणजे तेवढे सगळे पैसे पदरात पडले असे होत नाही. वाचलेल्या पैशातील मोठा वाटा डिझेलच्या टाकीत जातो, आणि तो किती जातो याचा नेमका हिशेब फारच थोडे शेतकरी ठेवतात. कोणासही विचारावे, तर "गाडी पंधरा-सोळाचा ॲव्हरेज देते" असे उत्तर मिळते. हा आकडा कोठून आला, तो भरलेल्या गाडीचा की रिकाम्या गाडीचा, घाटाचा की सपाटीचा, असे पुढे विचारले म्हणजे उत्तर डळमळू लागते. प्रस्तुत लेखात या आकड्याची फोड करावयाची आहे.

पत्रकातील आकडा

वाहन विकत घेताना विक्रेत्याच्या पत्रकात एका लिटरमागे इतके किलोमीटर असा आकडा छापलेला असतो. तो खोटा नसतो, परंतु तो आपल्या खेपेचा नसतो. आपल्या देशात साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांची ही तपासणी प्रयोगशाळेत होते. वाहनाची चाके फिरत्या लोखंडी दंडगोलांवर ठेवून ठरीव क्रमाने वेग वाढविला व कमी केला जातो. सुमारे वीस मिनिटांची ही चाचणी असते, तीत वाहन साधारण दहा-अकरा किलोमीटर "चालते", आणि कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. तोही थोडाच वेळ. पुण्यातील १९६६ साली स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था, जिला सर्वजण एआरएआय या नावाने ओळखतात, अशा चाचण्या करते.

या चाचणीत घाट नसतो. समोरून वारा येत नाही. हौद्यात पंधरा क्विंटल टोमॅटो नसतात, आणि घोडबंदर रस्त्यावरील वाहनांची रांगही नसते. चाचणीचा हेतू मुळी एका वाहनाची दुसऱ्याशी समान कसोटीवर तुलना करणे हा आहे. त्या कामापुरता तो आकडा विश्वसनीय मानावा. दोन कंपन्यांच्या गाड्यांतून एक निवडताना तो अवश्य पाहावा. मात्र खेपेचा खर्च त्यावर बेतू नये.

बेतला तर काय होते ते पाहू. नाशिकपासून जेसल पार्कपर्यंत कसारा घाट, भिवंडी, ठाणे व घोडबंदर या मार्गाने सुमारे १७० किलोमीटर अंतर पडते. जाऊन येऊन ३४० किलोमीटर. पत्रकातील आकडा १७ आहे असे धरले तर २० लिटर डिझेल लागेल. डिझेलचा भाव हिशेबापुरता लिटरला ९० रुपये धरू, कारण २०१७ च्या जूनपासून हा भाव रोज बदलू शकतो. खर्च १,८०० रुपये झाला. आता तीच गाडी भरून जाताना लिटरला ११ व रिकामी परतताना १४ किलोमीटर चालली असे समजा. जाताना साडेपंधरा लिटर, येताना बारा लिटर, मिळून साडेसत्तावीस लिटर; म्हणजे सुमारे २,४८० रुपये. एका खेपेत जवळजवळ ६८० रुपयांची तूट पडली. आठवड्यातून दोन खेपा करणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात ही तूट हंगामाच्या अखेरीस हजारोंच्या घरात जाते, आणि ती कोठे गेली हे त्यास कळतही नाही. भाव पडला, माल कमी विकला गेला, अशी इतर कारणे तो शोधीत बसतो.

येथे आणखी एक चूक हटकून होते. जाताना ११ व येताना १४, तर सरासरी साडेबारा असे पुष्कळजण म्हणतात. ते बरोबर नाही. एकूण किलोमीटरांस एकूण लिटरांनी भागले पाहिजे. ३४० ला २७.६ ने भागले असता १२.३ येतात. फरक लहान दिसतो. पण दोन आकड्यांतील अंतर जितके जास्त, तितकी ही चूक वाढते. घाटात ७ व सपाटीवर १५ असतील, आणि दोन्ही अंतरे सारखी असतील, तर सरासरी ११ नसून साडेनऊच्या आसपास असते.

स्वतः मोजावे कसे

मोजण्याची रीत सोपी आहे, मात्र ती शिस्तीने पाळली पाहिजे. निघण्यापूर्वी टाकी भरावी. पंपाची नळी आपोआप बंद झाली की तेथेच थांबावे, "अजून थोडे" म्हणून वर भरू नये. मीटरवरील किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. खेप करून परत आल्यावर शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीवर व गाडी तशीच समपातळीत उभी करून पुन्हा टाकी भरावी. या दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले तितके डिझेल खेपेस लागले. पैशाच्या पूर्णांकात, म्हणजे हजाराचे किंवा दोन हजारांचे, डिझेल घालण्याची जी सवय आहे तिने हा हिशेब कधीच जमत नाही.

एका खेपेवरून निष्कर्ष काढू नये. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नळी कधी थोडी लवकर तर कधी उशिरा बंद होते. चाळीस लिटरांत एक लिटराचा फरक यामुळे सहज पडू शकतो. चार-पाच खेपांचे एकत्र किलोमीटर व एकत्र लिटर घेतले म्हणजे ही चूक नगण्य होते. गाडीच्या काचेखाली जो आकडा आपोआप झळकतो तो सोयीचा खरा, तथापि तो यंत्राने अंदाजलेला असतो. टाकीच्या मापाशी त्याची एकदा गाठ घालून पाहावी. मीटरदेखील महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी वीस-तीस किलोमीटरपर्यंत ताडून पाहणे इष्ट असते, विशेषतः टायर बदलून वेगळ्या मापाचे घातले असतील तर.

वजन आणि क्विंटलमागे खर्च

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या, आणि सर्वांत दुर्लक्षित, भागाकडे वळू.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाजूल ऊर्जा असते. इंजिन त्यातील तिसरा हिस्सा, किंबहुना रस्त्यावरील चढउतारात त्याहूनही कमी, चाकांपर्यंत पोचविते. उरलेली उष्णता धुराड्यातून व रेडिएटरमधून निघून जाते. म्हणजे कामास येते ती लिटरमागे दहा-अकरा मेगाजूल. ही ऊर्जा तीन ठिकाणी खर्च होते : टायर रस्त्यावर फिरविण्यात, समोरची हवा बाजूस सारण्यात, आणि वजनास गती देण्यात व उंचावर चढविण्यात. यांपैकी पहिली व तिसरी बाब वजनाशी बांधलेली आहे, दुसरी नाही.

चांगल्या डांबरी रस्त्यावर एक टन जादा वजन शंभर किलोमीटर नेण्यास टायरांच्या घर्षणापोटी ठोकळ मानाने एक लिटराच्या थोडे वर डिझेल लागते. आकडा ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटेल. एक टन म्हणजे दहा क्विंटल; तेवढा माल शंभर किलोमीटर नेण्याची जादा किंमत सपाटीवर एक-सव्वा लिटर! मग गाडीचे बाकीचे डिझेल कोठे जाते? ते गाडीस स्वतःस नेण्यात जाते. पिकअपचे स्वतःचे वजनच सोळा-सतरा क्विंटलच्या आसपास असते, शिवाय हवा आहे, रहदारी आहे.

याचा अर्थ असा की अर्धवट भरलेली गाडी हीच खरी उधळी गाडी होय. वरील नाशिकच्या खेपेत पंधरा क्विंटलऐवजी सातच क्विंटल माल नेला, तर जाताना गाडी लिटरला अकराऐवजी साडेबारा किलोमीटर चालेल असे धरू. चालक खूष होईल, कारण ॲव्हरेज वाढला. जाताना १३.६ लिटर, येताना पूर्वीप्रमाणेच १२.१, मिळून २५.७ लिटर लागतील. खर्च सुमारे २,३१५ रुपये. माल निम्म्याहून कमी केला, आणि डिझेल वाचले जेमतेम दोन लिटर. क्विंटलमागे खर्च पाहिला तर पंधरा क्विंटलच्या खेपेत तो १६५ रुपये होता, सातच्या खेपेत ३३० रुपये झाला. बरोबर दुप्पट!

म्हणून लिटरमागे किलोमीटर हे माप शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. ते प्रवासी मोटारीचे माप आहे. शेतमालाच्या गाडीस माप लावावयाचे ते क्विंटलमागे लिटर हेच. पहिल्या खेपेत क्विंटलमागे १.८ लिटर पडले, दुसरीत ३.७. शेजारच्या दोघातिघांनी मिळून एकच गाडी भरावी असा सल्ला वारंवार दिला जातो. त्यामागील हिशेब हा आहे. तिघांच्या तोडणीच्या वेळा जुळविणे कठीण जाते हे खरे. एकाचा टोमॅटो पिकलेला असतो तेव्हा दुसऱ्याची काकडी अजून कोवळी असते. तरी दर क्विंटलमागे दीडशे रुपये वाचत असतील तर एक दिवस थांबण्याची किंमत त्याहून जास्त आहे की कमी, हे प्रत्येकाने आपल्या मालाचा टिकाऊपणा पाहून ठरवावे. कोथिंबीर थांबत नाही; कोबी थांबतो.

वजन मोजताना क्रेट विसरू नयेत. प्लॅस्टिकचा एक क्रेट दीड ते दोन किलोंचा असतो, आणि वीस किलोंच्या भरतीने पंचाहत्तर क्रेट घातले तर नुसत्या क्रेटांचेच वजन सव्वा क्विंटलच्या पुढे जाते.

पूर्ण भरणे म्हणजे जास्त भरणे नव्हे. वरील हिशेब वाचून कोणी पंधराच्या गाडीत बावीस क्विंटल घालील, तर त्यास डिझेलची बचत दिसेल, पण टायर, पाटे व ब्रेक यांची झीज दिसणार नाही. उतारावर ब्रेक तापून निकामी झाल्यावर कोणताही हिशेब उपयोगी पडत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेरील वजनास वीस हजार रुपये दंड व प्रत्येक जादा टनामागे आणखी दोन हजार रुपये अशी तरतूद आहे. गाडीच्या नोंदणी पुस्तकात एकूण वजनाचा जो आकडा आहे, त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून येईल तेवढाच माल, व त्यातच चालक, मदतनीस आणि क्रेट.

घाट

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जेसल पार्क खाडीच्या पातळीवर आहे. देशावरून माल आणणाऱ्या शेतकऱ्यास निसर्गाने येथे एक मोठी सवलत दिली आहे, ती अशी की भरलेली गाडी उतरते आणि रिकामी गाडी चढते.

ही सवलत मोजता येते. चालकासह सुमारे १,८०० किलोंची रिकामी गाडी ६०० मीटर चढविण्यास एक लिटराच्या जवळपास डिझेल लागते. ३,२०० किलोंची भरलेली गाडी तितकीच चढविण्यास पावणेदोन लिटर लागतील. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा माल कोकणातून देशावर जातो, त्यास प्रत्येक खेपेत पाऊण लिटर जास्त मोजावे लागते. चढाचे हे डिझेल इंजिन सुस्थितीत असेल तरचे आहे. चुकीच्या गिअरमध्ये इंजिनाचा दम काढीत चढल्यास ते बरेच वाढते. चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर उतरवावा; गाडी मरगळल्यावर उतरविला म्हणजे गेलेला वेग परत आणण्यास पुन्हा डिझेल ओतावे लागते.

उतारावर मात्र एक जुना व घातक समज अद्याप टिकून आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर डिझेल वाचते, असे कित्येक चालक आजही मानतात. आधुनिक डिझेल इंजिनात वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनास जाणारे डिझेल पूर्णपणे बंद होते. चाकेच इंजिन फिरवितात. न्यूट्रलमध्ये टाकल्याबरोबर इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहावयास थोडे थोडे डिझेल पिऊ लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त लागते, आणि इंजिनाचा आवर सुटल्यामुळे सगळा भार ब्रेकांवर पडतो. बत्तीस क्विंटल वजन कसाऱ्याच्या वळणांवर केवळ ब्रेकांनी रोखणे म्हणजे जीव टांगणीला लावणे आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम सुरक्षिततेसाठी सांगितला गेला होता. तो डिझेलच्या हिशेबातही खरा ठरतो.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसाऱ्याच्या डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने हा रस्ता जातो आणि भिवंडीजवळ उतरतो. बोगदा झाल्यामुळे चढ नाहीसा झाला असे कोणी समजू नये. उंची तितकीच राहते, तिची किंमत तितकीच द्यावी लागते. वाचते ते वळणांवर वेग कमी करणे, अवजड ट्रकमागे रखडणे व पुन्हा वेग धरणे यांत जाणारे डिझेल. त्या बचतीची पथकराशी तुलना करूनच मार्ग निवडावा. रस्ता मोकळा मिळाल्याने पाय जड होतो, ही गोष्ट निराळी, तिच्याविषयी पुढे.

वारा

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले असता वेग एकतृतीयांशाने वाढतो, पण हवेचा अडथळा जवळजवळ पावणेदोनपट होतो. पिकअपसारख्या चौकोनी तोंडाच्या गाडीस यापोटी शंभर किलोमीटरमागे पावणेदोन ते दोन लिटर जास्त लागतात असा ठोकळ हिशेब येतो. क्रेटांचे थर चालकाच्या टपाच्या वर काढले असतील, किंवा ताडपत्री सैल सुटून फडफडत असेल, तर याहूनही जास्त. ताडपत्री घट्ट आवळून बांधणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे; त्यास दोरी व पाच मिनिटे लागतात. रिकामे क्रेट परत आणताना ते एकात एक बसणारे असतील तर तसे बसवून टपाच्या खाली ठेवावेत. रिकामी गाडी हलकी असते, पण रिकाम्या क्रेटांचा उंच मनोरा तिला भरलेल्या गाडीइतकाच वारा खावयास लावतो.

वेग कमी ठेवल्याने वेळ जातो ही तक्रार रास्त आहे. म्हणून वेळेचीही किंमत काढू. नाशिक-भाईंदर मार्गावर मोकळा रस्ता १२० किलोमीटर मिळतो असे धरल्यास, ताशी ६० ने दोन तास व ८० ने दीड तास लागतो. अर्धा तास वाचला, आणि त्यासाठी सव्वादोन लिटर, म्हणजे सुमारे २०० रुपये मोजले. पहाटेच्या विक्रीस मेथी व कोथिंबीर पोचवावयाची असेल, तर हे २०० रुपये देणे शहाणपणाचे होऊ शकते. उशिरा पोचलेल्या जुडीस निम्मा भावही मिळत नाही. परंतु माल विकून रिकाम्या गाडीने घरी परतताना तेच २०० रुपये कशासाठी द्यावयाचे? बहुतेक चालक नेमके उलट करतात : भरलेली गाडी जपून आणतात आणि रिकामी गाडी पळवितात. १९७८ पासून इंधन बचतीचे काम करणारी पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था, म्हणजेच पीसीआरए, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देत आली आहे. महामार्गावर इतक्या मंद गतीने जाणे नेहमी शक्य नसते, तथापि परतीच्या वाटेवर डाव्या मार्गिकेत ताशी ६० ने चालण्यास काहीच अडचण नाही.

शेवटचे वीस किलोमीटर

ठाण्यातील माजिवड्यापासून काशिमिऱ्यापर्यंतचा घोडबंदर रस्ता हा या खेपेतील सर्वांत लहान व सर्वांत खर्चिक भाग होय. गायमुखाच्या चढावर रहदारी तुंबली म्हणजे लांब रांग लागते. अशा रांगेत दोन प्रकारे डिझेल जाते. इंजिन जागेवर चालू राहिले तर तासास अर्धा ते पाऊण लिटर जळते. हे सर्वांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की प्रत्येक वेळी थांबून पुन्हा चालणे याहून महाग आहे. भरलेली पिकअप थांबल्या जागेवरून ताशी ४० किलोमीटरच्या वेगास नेण्यास सुमारे १८ मिलिलिटर डिझेल लागते, आणि ब्रेक दाबताच ते सगळे उष्णता होऊन उडून जाते. पन्नास-पंचावन्न वेळा असे झाले की एक लिटर संपले. पुढची गाडी हलली की जोरात पुढे जाऊन पुन्हा करकचून थांबणारा चालक आणि अंतर ठेवून हळूहळू सरकत राहणारा चालक, दोघे एकाच वेळी काशिमिऱ्यास पोचतात. पहिल्याच्या टाकीत लिटर-दीड लिटर कमी असते.

यावरील खरा उपाय चालकाच्या हाती नसून निघण्याच्या वेळेत आहे. नाशिकहून मध्यरात्रीनंतर निघालेली गाडी पहाटे ठाण्यास पोचते, तेव्हा रस्ता बहुधा मोकळा असतो. मात्र जड वाहनांच्या वेळांचे निर्बंध वेळोवेळी बदलतात, त्यामुळे लहान गाड्यांवर त्यांचा परिणाम काय आहे हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. परतताना दुपारच्या आत घोडबंदर ओलांडता आले तर उत्तम.

परतीची गाडी रिकामीच का असावी, हाही प्रश्न आहे. भिवंडीच्या परिसरात गुदामे पुष्कळ आहेत, आणि नाशिककडे जाणारा माल तेथे नेहमीच असतो. दहा क्विंटल माल परत नेला तर टायरांचे व घाटाचे मिळून अडीच ते तीन लिटर डिझेल जास्त लागेल. मिळणारे भाडे त्याहून पुष्कळ जास्त असते. खासगी नोंदणीच्या गाडीने भाडे घेता येत नाही, त्यासाठी परवाना लागतो. परंतु स्वतःसाठी खत, ठिबकच्या नळ्या किंवा क्रेट आणावयाचे असतील तर ते याच खेपेत आणावेत, त्यासाठी वेगळी चक्कर करू नये.

डहाणू आणि वसईकडील शेतकरी

डहाणूकडून येणाऱ्यास घाट नाही. चारोटी, मनोर, विरार फाटा असा राष्ट्रीय महामार्ग ४८ ने तो येतो व वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडतो. अंतर शंभराच्या थोडे पुढे. सपाट रस्ता असल्याने त्याचा आकडा नाशिककराहून चांगला यावयास हवा. तो तसा येत नसेल तर टायरांतील हवा प्रथम तपासावी. गाडी थंड असताना, दारावरील पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी जो दाब लिहिला आहे तितका तो असावा. हवेची गाळणी धुळीने भरली असेल, ब्रेक चाकास घासत असतील, तर तेही पाहावे. धुराड्यातून काळा धूर येणे म्हणजे न जळलेले डिझेल बाहेर जाणे होय.

वसईच्या शेतकऱ्याची गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. जेसल पार्कच्या चौपाटीवर उभे राहिले म्हणजे खाडीपलीकडील नायगावचा किनारा समोर दिसतो. आगगाडी पुलावरून काही मिनिटांत पलीकडे जाते. परंतु पिकअपला रेल्वेचा पूल उपयोगी नाही. तिला महामार्गापर्यंत पूर्वेस जाऊन, वर्सोव्याचा पूल ओलांडून, काशिमिऱ्यावरून पुन्हा पश्चिमेस यावे लागते. वसईच्या किल्ल्याकडून भाईंदरपर्यंत हा वळसा पस्तीस ते चाळीस किलोमीटरांचा होतो. केळीचे घड ज्या वाडीतून दिसणाऱ्या गावी न्यावयाचे, त्या गावी पोचण्यास साडेतीन लिटर डिझेल!

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई ते भाईंदर अशी वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. पाण्यावरचे अंतर चार किलोमीटरांहून कमी आहे. बोट भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यास लागते. तेथून जेसल पार्कला येण्यास गावातून रेल्वे ओलांडून पूर्वेस यावे लागते, हे धरूनही रस्त्याचे तीस-एक किलोमीटर वाचतात. लिटरला ११ प्रमाणे ते पावणेतीन लिटर, म्हणजे सुमारे २४५ रुपये झाले. बोटीचे गाडीसकटचे भाडे धक्क्यावर विचारून या आकड्याशी ताडावे. भाडे एवढ्यातच बसत असेल तर वेळ व रहदारीचा त्रास हा निव्वळ नफा समजावा. भाडे जास्त असेल तरी नाजूक माल असताना ते परवडू शकते, कारण तीस किलोमीटरांचे हादरे पिकल्या केळीस सोसत नाहीत. भरतीओहोटी व पावसाळी हवामान यांमुळे फेऱ्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा माल तोडण्यापूर्वी चौकशी करावी.

सीएनजीवर चालणारी पिकअप घेणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की तेथे माप लिटराचे नसून किलोचे आहे. किलोमागे इतके किलोमीटर आणि लिटरमागे इतके किलोमीटर यांची सरळ तुलना करता येत नाही. दोन्हींचे रुपये करून, क्विंटलमागे किती पडले एवढेच पाहावे, आणि पंपावरील रांगेत गेलेला वेळही त्यात धरावा.

नोंदीसाठी साधी शाळकरी वही पुरते. तारीख, मीटरचा आकडा, बसलेले लिटर, दिलेले पैसे, नेलेले क्विंटल व परत आणलेले क्विंटल असे सहा रकाने आखावेत. सातव्या रकान्यात त्या दिवशीचा मार्ग व रस्त्याची स्थिती लिहावी : घाट की बोगदा, पहाट की दुपार, पाऊस होता काय, गायमुखाला किती वेळ गेला. भाड्याची गाडी असेल तर शेवटचा रकाना भाडे ठरविताना गाडीमालकासमोर ठेवता येतो, आणि तेव्हा "पंधरा-सोळाचा ॲव्हरेज" या बोलण्यावर कोणाचाच निर्वाह होत नाही.